20 फेब्रुवारीच्या आधी : बडोद्याच्या दुकानदारांना एक खुले पत्र

प्रति,
रावपुरा, डांडियाबाजार, मंगळबाजार, नवाबाजार, घडियाळी पोळ, हाथीखाना आणि आसपासच्या पेठांतले सर्व दुकानदार बंधू-भगिनी,
बडोदे.

सप्रेम नमस्कार.

उतराणीच्या फिरक्या माळ्यावर गेल्या, लग्नसराई चालू आहे, अशात पत्र वाचायला कुणाला वेळ नाही हे मला कळतं. मलाही लिहायला नाही. मागे चक्कीवर भाजणी दळायला टाकली आहे आणि गल्ल्यावर बसून लिहितेय, तेव्हा मधेच विषय तुटला तर समजून घ्या. पण 20 फेब्रुवारीच्या आत जे बोलायचं ते बोललं नाही, तर पुढचं वर्षभर बोलून काही उपयोग नाही.

ही तारीख मी मनाने काढलेली नाही. आपल्या कॉर्पोरेशनला लागू असलेल्या 1949 च्या कायद्यातच ती आहे : पुढच्या वर्षाच्या करांचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवून टाकायचे. त्याआधी कमिशनर अंदाजपत्रक तयार करतात, ते स्थायी समितीकडे जातं, समिती त्यात थोडं कापते, थोडं घालते, मग समग्र सभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत, मंजुरी. आणि आपण? वेऱ्याचं, म्हणजे कराचं, बिल हातात पडलं की मग शेजारच्या दुकानात जाऊन "बघितलंत का यंदा किती आलंय?" तोवर शाई वाळलेली असते.

मागच्या वर्षी आपण दहा-बारा जण एका हॉलमध्ये जमलो होतो, आठवत असेल. विषय होता "बजेटकडून व्यापाऱ्यांच्या अपेक्षा". एकाने वेरा कमी करा म्हटलं. दुसऱ्याने व्याजमाफी योजना आणा म्हटलं. तिसऱ्याला पार्किंग हवं होतं, पण आपल्या दुकानापुढे नको होतं. मी उठून, भाड्याच्या गोदामाला घरापेक्षा जास्त कर का, हे विचारलं आणि टाळ्या घेऊन खाली बसले. मग सेव-उसळ आली. तासाभराच्या त्या सभेत एकाही माणसाने हे विचारलं नाही, की तिजोरीत येतं किती, कुठून येतं आणि आल्या आल्या कशात जातं. आपण सगळे रोजमेळ लिहिणारे लोक. गिऱ्हाईक दहा रुपये कमी देऊन गेलं तर रात्री झोप लागत नाही. शहराच्या रोजमेळाबद्दल मात्र आपल्याला काडीचंही कुतूहल नाही.

हे असं का झालं, याचा मी बराच विचार केला. माझं उत्तर थोडं विचित्र वाटेल. मला वाटतं, जकात गेली तिथे हे सुरू झालं.

माझे सासरे ऊंझ्याहून जिरं मागवायचे. ट्रक अहमदाबादच्या बाजूने यायचा आणि छाणी जकातनाक्यावर अडकायचा. मामंजी सायकलवरून नाक्यावर जायचे, बिल्टी दाखवायची, कारकुनाशी वजनावरून घासाघीस करायची, पावती घ्यायची, मग माल सुटायचा. घरी आले की पहिला अर्धा तास फक्त कॉर्पोरेशनला शिव्या. 2007 च्या नोव्हेंबरात गुजरातमधल्या महानगरपालिकांची जकात बंद झाली तेव्हा आपल्या पेठेत पेढे वाटले गेले. मीही वाटले. नाका गेला, चौकाचं नाव तेवढं राहिलं. आज रिक्षावाल्याला "छाणी जकातनाका" सांगणाऱ्या मुलांना जकात काय ते ठाऊक नाही.

पण त्या शिव्यांच्या आड एक व्यवहार होता. हाथीखान्यात माल जास्त आला की कॉर्पोरेशनची पेटी भरायची, बाजार मंदीत गेला की त्यांच्याही पोटात गोळा यायचा. आपलं चालणं-न चालणं त्यांना रोजच्या रोज आकड्यात दिसत होतं. जकातीच्या बदल्यात आता राज्य सरकार अनुदान देतं. 2017 पासून आपण जीएसटी भरतो, तो दिल्लीला आणि गांधीनगरला जातो. माझी या महिन्यातली विक्री दुप्पट झाली काय आणि अर्धी झाली काय, खंडेराव मार्केटमधल्या, म्हणजे कॉर्पोरेशनच्या कचेरीतल्या, कुठल्याच टेबलाला त्याचा धक्का लागत नाही. म्हणजे आपण नाक्यावरून सुटलो आणि त्याच दिवशी त्यांच्या हिशेबातूनही सुटलो. पेढे वाटताना हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता आपल्याकडून थेट कॉर्पोरेशनकडे जाणारे मुख्य दोनच पैसे उरले. एक व्यवसाय वेरा. तो वाढवायचा म्हटला तरी राज्यघटनेतच मर्यादा आहे : एका माणसामागे वर्षाला 2,500 रुपये, 1988 पासून तेवढीच. त्याआधी ती 250 होती. तेव्हा 2,500 रुपयांत काय काय यायचं ते तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. दुसरा मिळकत वेरा, म्हणजे मालमत्ता कर. त्याला अशी वरची कडी नाही. उलट 15 व्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानासाठी अटच घातली, की मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नाच्या गतीने वाढवून दाखवा. तेव्हा उद्या तंगी आली तर हात कुठल्या खिशात जाणार हे ओळखायला ज्योतिषी नको. क्षेत्रफळावर आधारलेल्या पद्धतीत घरापेक्षा दुकानाला जास्त, आणि मालक स्वतः बसत असेल त्यापेक्षा भाडेकरू असेल तर जास्त. पेठेतली अर्धी दुकानं पागडीची. कागदावर मालक भरतो, खरं तर भरतो कोण ते तुम्ही-मी जाणतो.

माझी मावसबहीण लेस्टरला असते. बेलग्रेव्ह रोडच्या मागे तिचं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाइकांत निम्म्या आपल्या बडोद्या-नवसारीच्याच बायका. ती एकदा फोनवर सहज म्हणाली, "बजेटची विचारणा आलीय आमच्या व्यापारी मंडळाकडे, भरून द्यायचीय." मला वाटलं काही सर्व्हे असेल. तर नाही, तिथे हा कायदा आहे. 1992 चा, कलम 65 : कौन्सिलने दर वर्षी खर्च ठरवण्याआधी व्यावसायिक कर भरणाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोललंच पाहिजे, आणि बोलण्याआधी खर्चाचे आकडे त्यांच्या हातात दिले पाहिजेत. मौज म्हणजे तिथल्या दुकानांच्या कराचा दर ती कौन्सिल स्वतः ठरवतही नाही, वरून ठरतो. तरी विचारायचं. कारण पैसा कुणाच्या दारात खर्च होणार, हा प्रश्न उरतोच.

त्याने तिथे रामराज्य आलंय असं समजू नका. ती सांगते, निम्मे लोक उत्तरच पाठवत नाहीत. आणि विचारपूस करूनही दिवाळखोरी टळतेच असं नाही : बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने 2023 च्या सप्टेंबरात, आता गरजेबाहेरचा नवा खर्च झेपत नाही, अशी कायदेशीर नोटीसच काढली, आणि पुढच्या वर्षी घरांवरचा कर एका फटक्यात 9.99 टक्क्यांनी वाढवला. पण निदान तिथल्या दुकानदाराला आधी कळलं, की भोक केवढं आहे.

आपल्याकडे दुकानदाराशी बोलण्याची सक्ती नाही. ज्यांच्याशी आहे, ते आपल्याच दारात उभे आहेत आणि आपण त्यांच्यावर रोज खेकसतो. लारीवाले, म्हणजे हातगाडीवाले. 2014 च्या फेरीवाला कायद्याने प्रत्येक शहरात नगर फेरी समिती ठेवली, त्यात किमान 40 टक्के जागा फेरीवाल्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या, आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. कागदावर का होईना, पण माझ्या दुकानापुढे लिंबू-मिरची विकणाऱ्या बाईंची खुर्ची संसदेने मांडून ठेवली आहे. माझी नाही. हे वाचून पहिल्यांदा मला रागच आला. मग वाटलं, त्यांनी संघटना बांधून वर्षानुवर्षं ती खुर्ची मागितली. आपण कधी मागितली?

आपण मराठी बडोदेकर तर याबाबतीत जास्तच सुस्त. महाराजांची सवय लागली आपल्याला. 1892 मध्ये आजवाचं पाणी शहरात आलं तेव्हा डांडियाबाजाराचं मत कुणी विचारलं नव्हतं. सयाजीरावांनी ठरवलं, तलाव बांधला, पाणी आलं. अजून तेच पाणी पितो आणि अजून त्याच आशेवर बसतो, की कुणीतरी शहाणा माणूस वर बसून आपल्या वतीने ठरवेल.

बरं, विचारायला गेलं तर काय विचारायचं? मला कळतं तेवढं सांगते. माझ्या मुलाने कॉर्पोरेशनच्या अंदाजपत्रकातली काही पानं छापून आणून दिली. आकडे कोटींत, अक्षरं मुंगीएवढी. पहिल्या दिवशी काहीच उमगलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ते आपल्या पद्धतीने वाचलं : महसुली बाजू म्हणजे रोजचा गल्ला आणि रोजचा खर्च, भांडवली बाजू म्हणजे नवी चक्की घेण्यासाठी वेगळा काढलेला, किंवा कर्जाने आणलेला पैसा. मग एक गोष्ट लखकन कळली. पूल, नवी टाकी, सांडपाण्याचा नवा प्रकल्प यांना पैसे मिळतात, कारण ते केंद्राच्या, राज्याच्या योजनेतून त्याच कामासाठी बांधून येतात. ते मोडून कामगारांचा पगार करता येत नाही. गटारात उतरणारा माणूस, दिव्याचं वीजबिल, पंपाची दुरुस्ती, निवृत्तांचं पेन्शन हे सगळं रोजच्या गल्ल्यातून. म्हणून "पुलाला पैसे आहेत आणि गटाराला नाहीत?" हा आपला लाडका टोमणा तितकासा बरोबर नाही. पैसा दोन वेगळ्या डब्यांत आहे. आणि दर नवी वस्तू पहिल्या, बांधून आलेल्या पैशाच्या डब्यातून येते व पुढची वीस वर्षं दुसऱ्या, रोजच्या गल्ल्याच्या डब्यातून खाते. स्मार्ट सिटीची योजना 2025 च्या मार्चअखेर संपली. त्यातून जे जे उभं राहिलं त्याची देखभाल आता कुठल्या डब्यातून, हा माझा पहिला प्रश्न असेल.

दुसरा, रोख्यांचा. आपल्या कॉर्पोरेशनने 2022 च्या मार्चमध्ये 100 कोटींचे रोखे काढले, पाच वर्षांचे, 7.15 टक्के व्याजाने. म्हणजे वर्षाला 7 कोटी 15 लाख फक्त व्याज. 2024 मध्ये आणखी 100 कोटींचे हरित रोखे. याला माझा विरोध नाही, उधारीशिवाय कुणाचा धंदा चालतो? आणि कर्ज घेताना पतमापन होतं, हिशेब तपासले जातात, हे चांगलंच. मला खुपतं ते एवढंच, की मुंबईत बसलेला गुंतवणूकदार बडोद्याचा ताळेबंद वाचून, ठोकून बघून पैसे लावतो आणि त्याच शहरात तीन पिढ्या वेरा भरणारे आपण पहिलं पानही उलटत नाही.

तिसरा प्रश्न तीन रकान्यांचा : गेल्या वर्षी अंदाज काय होता, सुधारित अंदाज काय झाला आणि प्रत्यक्षात खर्च किती झाला. अंदाजात प्रत्येकाच्या नावावर काहीतरी असतंच, लग्नातल्या याद्यांसारखं. खरं काय ते तिसऱ्या रकान्यात. एका पानावर, गुजरातीत, मोठ्या अक्षरांत एवढं द्या म्हणावं, बाकी आम्ही लावतो.

आता प्राधान्यांबद्दल. इथे मी तटस्थ नाही, आधीच सांगते. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 26. माझं गोदाम तेव्हा मुजमहुड्याला होतं, भाड्याचं. तीन दिवसांनी आत जाता आलं. शटर अर्ध्यावर अडकलं होतं, मुलाने खालून वाकून टॉर्च मारला आणि म्हणाला, "आई, गूळ नाहीये." चाळीस ढेपा होत्या. ढेपांचा पाक होऊन पाण्याबरोबर गेला होता आणि भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला एक चिकट तपकिरी रेघ राहिली होती, तिला मुंग्या लागलेल्या. मेतकुटाची पोती वरून कोरडी दिसत होती; हात घातला तर आत ऊन-ऊन, कढत. डाळीला मोड आले होते. तो वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. 2019 च्या 31 जुलैला एका दिवसात वीस इंच पाऊस झाला होता, तेव्हाही हेच गोदाम, पण तेव्हा पाणी घोट्यापर्यंतच आलं, म्हणून मी शहाणी झाले नाही.

पुरानंतर राज्य सरकारने मदतीचे टप्पे पाडले : लारीला 5,000 पासून, लहान पक्क्या दुकानाला 85,000 पर्यंत. ज्यांना मिळाली त्यांचं थोडं भागलं. 2025 च्या उन्हाळ्यात नदीचं पात्र खोल-रुंद करायचं मोठं काम झालं, तेही आपण सगळ्यांनी जाऊन बघितलं, मगरी कुठे हलवतात याची चर्चा चहाच्या टपरीवर पंधरा दिवस पुरली. पण गाळ हा दर वर्षी येणारा पाहुणा आहे. एकदा काढून भागत नाही. त्यामुळे माझं मत विचाराल तर पावसाळी नाले, कांस (पावसाच्या पाण्याचे मोठे चर), नदी यांची दर वर्षीची सफाई हा खर्च सगळ्यात वर आणि हात न लावण्याजोगा. त्यासाठी पुलांवरची रोषणाई, स्वागताच्या कमानी, भिंतींवरची रंगीत चित्रं दोन वर्षं थांबली तरी माझी हरकत नाही.

घडियाळी पोळीतले सोनार इथे माझ्याशी भांडतील. रोषणाईमुळे दिवाळीत माणसं पेठेत येतात, ती माणसं तुझी चकलीची भाजणीही नेतात, असं त्यातले एक मला तोंडावर म्हणाले आहेत. खोटं नाही ते. म्हणूनच आपल्यात आधी बोलणं व्हायला हवं. कॉर्पोरेशनसमोर जाऊन एकमेकांची मागणी खोडून काढण्यापेक्षा इथे, ओट्यावर भांडून घेऊ.

आणि एक मागणी अशी आहे जी आपल्यापैकी कुणीच मांडणार नाही, कारण सभांना आपण जातो, काउंटरवरच्या मुली जात नाहीत. मंगळबाजार, नवाबाजारातल्या साड्या-ड्रेसच्या दुकानांत आता किती बायका उभ्या असतात बघा. सकाळी दहा ते रात्री नऊ. माझ्याकडे दोघी आहेत. चार वर्षं मला वाटायचं, यांना तहान कमी लागते. एकदा त्यातली एक भर दुपारी चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं, की दुपारनंतर त्या पाणीच पीत नाहीत, कारण मग जायचं कुठे? दुकानात सोय नाही. ती मी केलेली नाही, कुणाकडे बोट दाखवायचं? पेठेत बायकांसाठी स्वच्छ, पाण्याची, दिव्याची, रात्री नऊपर्यंत उघडी आणि राखणदार असलेली स्वच्छतागृहं हवीत. बांधणं स्वस्त आहे, चालवणं महाग आहे. पुन्हा दुसरा डबा. त्या चालवण्याच्या खर्चात दर महिन्याला माझ्या दुकानाचा वाटा द्यायला मी तयार आहे, हे इथे लिहून देते.

तसंच रात्रीच्या कचऱ्याचं. दुकान वाढवताना, म्हणजे बंद करताना, पुठ्ठे, थर्माकोल, प्लास्टिकच्या पट्ट्या बाहेर ढकलून आपण घरी जातो आणि सकाळी शहर घाण आहे म्हणतो. रात्री दहानंतर एक फेरी आपल्या पेठांसाठी वेगळी लावा, जास्तीचा आकार घ्या, असं आपण होऊन म्हटलं तर? मागणाऱ्याने किंमत घेऊन जायला हवं. किंमत न विचारता "द्या" म्हणणारं गिऱ्हाईक आपल्याला दुकानात तरी आवडतं का?

थकबाकीचं मात्र बोलायलाच हवं. आमच्या दुकानाचा दोन वर्षांचा वेरा थकला होता. पैसे नव्हते असं नाही. "व्याजमाफी येईल, थांबा," असं सगळे म्हणत होते, मीही थांबले. माफी आली, भरला, चार पैसे वाचले, शेजारणीला हुशारीने सांगितलंही. ती दर वर्षी वेळेवर भरते. तिने माझ्याकडे जसं बघितलं, ते बघणं विसरता येत नाही. आपल्यातले कितीजण असे थांबलेले आहेत ते आधी आपल्यात मोजू, आणि या वर्षी सभेत पहिलं वाक्य माफीचं नसेल एवढं ठरवू.

काय करायचं ते सांगते. ज्या इमारतीत हे सगळं ठरतं तिचं नावच खंडेराव मार्केट आहे. पुढे कमिशनरसाहेबांची कचेरी, मागे शेवंती, झेंडू आणि भाजी. बाजाराच्याच इमारतीत बाजाराचं मत पोचत नाही, म्हणजे कमालच. अंदाजपत्रक स्थायी समितीसमोर आल्याबरोबर, दर ठरायच्या आत, दुकानदारांसाठी एक बैठक ठेवा, दुपारी बाराला नको, दुकानं वाढवल्यावर रात्री साडेनऊला ठेवा, आणि ते एक पान दोन दिवस आधी द्या, असं पत्र आपण सगळ्यांनी सही करून द्यायचं. लारीवाल्यांच्या प्रतिनिधींनाही त्यात बोलवायचं. आधी नाकं मुरडाल, पण त्यांना समितीत बसण्याचा अनुभव आहे, आपल्याला नाही.

पत्राचा मसुदा मी केला आहे, गुजरातीत. माझं जोडाक्षर चुकलं असेल तर हसत हसत दुरुस्त करा. सोबत एक वही ठेवली आहे. प्रत्येक दुकानाला दोन ओळी : कुठल्या सेवेवर जास्त खर्च व्हावा, आणि त्यासाठी कुठला खर्च कमी झालेला चालेल. दुसरी ओळ रिकामी सोडून कुणी निघालं तर मी मेतकूट देणार नाही.

आतापर्यंत अकरा दुकानं लिहून गेली. त्यातल्या सात जणांची दुसरी ओळ वाचून मला आश्चर्य वाटलं, काय ते इथे सांगत नाही, येऊन वाचा. वही गल्ल्याच्या डाव्या हाताला आहे, सकाळी साडेदहा ते रात्री नऊ. पेन दोऱ्याने बांधलंय, आधीची दोन गेली.

आपली,
डांडियाबाजारातली भाजणीवाली